आठ आठवड्यांचे पाहुणे

भात घरात येऊन पडले, दिवाळीची थंडी सुरू झाली, म्हणजे पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील वाटांवर एक दृश्य हमखास दिसू लागते. पुलाच्या कठड्याखाली, बाजारातील बंद दुकानाच्या पायरीवर, काजूच्या बागेच्या कडेला, नाहीतर कचऱ्याच्या ढिगाजवळ एक पुठ्ठ्याचे खोके पडलेले असते आणि त्यातून बारीक, चिरका आवाज येत असतो. आत कुत्र्याची चार-पाच पिले एकमेकांच्या अंगावर चढून ऊब शोधीत असतात. येणारे-जाणारे क्षणभर थांबतात, हळहळतात आणि पुढे जातात. एखादाच मागे वळतो. त्या मागे वळणाऱ्या माणसापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. ही पिले घरी न्यावीत काय, नेली तर कशी जगवावीत, आणि जगली तर पुढे कोणाच्या हाती द्यावीत?

हे दृश्य याच दिवसांत का दिसावे, याला कारण आहे. कुत्री सुमारे ६३ दिवसांनी विते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर आलेल्या कुत्र्यांची पिले हिवाळ्याच्या तोंडाशी जन्माला येतात. पेडण्याच्या किनाऱ्यावर तर याला आणखी एक अंग आहे. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी येथे पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की समुद्रकाठी तात्पुरती उपाहारगृहे उभी राहतात. ज्यांना सर्वजण ‘शॅक’ म्हणतात ती हीच. त्यांच्या उष्ट्याखरकट्यावर कुत्री पोसली जातात. मे महिन्याच्या अखेरीस शॅक मोडले जातात, पाहुणे निघून जातात, आणि आठ महिने खाऊन-पिऊन असलेली जनावरे भर पावसात उपाशी पडतात. डिचोलीकडे समुद्र नाही. परंतु बाजारपेठा आहेत, रहदारीचे रस्ते आहेत, आणि रस्त्याकडेला विसाव्याला गेलेले पिलू ट्रकच्या चालकाला दिसत नाही.

याच्या जोडीला एक जुनी रीतही आहे. घरची कुत्री व्याली की त्यांतला एखादा कुत्रा राखणीला ठेवून घ्यावयाचा आणि माद्या दूर नेऊन सोडावयाच्या. पुढे याच माद्यांना पिले होतात आणि त्यांच्यातल्या माद्या पुन्हा दूर सोडल्या जातात. ज्याने त्या सोडल्या, त्याला आपण हत्या केली असे कधी वाटत नाही. ‘कोणीतरी खाऊ घालील’ एवढ्यावर त्याचे समाधान होते. कोणीतरी खाऊ घालतो काय, याचे उत्तर अभ्यासकांनी मोजून दिले आहे. कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व अनुसंधान संस्थेच्या संशोधकांनी रस्त्यावरील कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिलांवर पाच वर्षांच्या काळात लक्ष ठेवले. त्यांचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ३६४ पिलांपैकी सुमारे १९ टक्के पिलेच प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली. आणि जी मेली, त्यांपैकी ६३ टक्के पिलांच्या मृत्यूमागे या ना त्या रूपाने माणसाचा हात होता. गोव्याचे आकडे थोडे निराळे असू शकतील. पण पाचांतले एक वाचते, हे प्रमाण कोणाही गावकऱ्याला अविश्वसनीय वाटणार नाही. त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असते.

असे असले, तरी दिसले पिलू की उचल, हा धर्म नव्हे. सर्वांत पहिला नियम थांबण्याचा आहे. आई अन्नाच्या शोधात गेलेली असते आणि तासा-दोन तासांनी परत येते. लांब उभे राहून, पिलांजवळ गर्दी होऊ न देता, तिची वाट पाहिली पाहिजे. अंग उबदार, पोट भरलेले आणि झोप शांत असेल, तर आई जवळपासच आहे असे समजावे. अशा वेळी पिले घरी नेणारा सद्‌गृहस्थ त्यांचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो. कारण आईच्या दुधाची, विशेषतः जन्मानंतरच्या पहिल्या चिकाची बरोबरी करणारी वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाही. आईला अन्नपाणी आणि पिलांना पावसा-उन्हापासून आडोसा, एवढी मदत अशा वेळी पुरेशी असते. आई मेलेली आहे, किंवा पिले बांधलेल्या खोक्यात टाकून दिलेली आहेत, अशी खात्री पटली तरच ती उचलावीत.

समजा, पेडण्याजवळच्या एखाद्या वाडीतील एका घराने अशी पाच पिले उचलली. डोळे अजून मिटलेले आहेत, म्हणजे वय दहा-बारा दिवसांच्या आतले. पिलांचे डोळे बहुधा दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. घरातील गृहिणी प्रथम काय करील? ती दुधाचे भांडे चुलीवर ठेवील. ही तिची माया आहे, आणि येथेच पहिली चूक होते. थंड पडलेल्या पिलाला दूध पाजू नये. पहिल्या आठवड्यात त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, थंडीने कुडकुडताही येत नाही. शरीर गार असताना आतडी काम करीत नाहीत; पाजलेले दूध पोटात तसेच राहते आणि पिलू मरते. म्हणून आधी ऊब, मग दूध. गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी आणि दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे उकडल्यास पिलाला सरकता येते. पहिल्या आठवड्यात खोक्यातील हवा तीस अंशांच्या आसपास असावी. गोव्यातील वीज पावसापाण्यात कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे दिव्याच्या उबेपेक्षा बाटलीची ऊब अधिक भरवशाची.

दुसरी चूक दुधाची. गाईचे दूध पाणी घालून पातळ करावयाचे, म्हणजे ते लेकरांना पचते, अशी समजूत घरोघरी आहे. पिलांच्या बाबतीत ती उलटी आहे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट प्रथिने आणि दुपटीहून अधिक स्निग्धांश असतो, आणि दुधातील साखर कमी असते. तेव्हा गाईचे पातळ दूध पाजणे म्हणजे पोट भरून उपाशी ठेवणे. शिवाय त्याने हगवण लागते ती निराळीच. पिलांसाठी तयार मिळणारी दुधाची भुकटी आणावी आणि किती, कशी पाजावयाची ते पशुवैद्याला विचारावे. पाजताना पिलू पोटावर असावे, आईला लुचताना असते तसे. मुलासारखे उताणे धरून पाजले तर दूध श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसे सुजतात. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पोटाखाली हळूच पुसावे लागते. कारण सुमारे तीन आठवडे होईपर्यंत ही लहान जीवे आपली आपण मलमूत्र विसर्जन करू शकत नाहीत. आई हे काम जिभेने करीत असते.

स्वयंपाकघरातील तराजू या कामी फार उपयोगी पडतो. रोज ठराविक वेळी प्रत्येक पिलाचे वजन करून भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. निरोगी पिलाचे वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होते. एक दिवस वजन वाढले नाही तर सावध व्हावे. घटले तर त्याच दिवशी वैद्याकडे जावे. पिलू रडते आहे म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात; परंतु खरी भीती असते ती बाजूला पडलेल्या, न रडणाऱ्या पिलाची.

या पाचांतले एखादे, इतके करूनही, बहुधा दगावते. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिसऱ्या रात्री ते दूध ओढीत नाही आणि पहाटे हाताला गार लागते. घरातील मुले त्याला परसात, जास्वंदीखाली पुरतात आणि दोन दिवस जेवत नाहीत. हे दुःख खोटे नाही. आणि उरलेल्या चारांना दर तीन तासांनी दूध हवेच असते. ज्या घराला एवढे सोसवणार नाही, त्याने हे काम अंगावर घेऊ नये. भुकटीचा खर्च द्यावा, गाडीने वैद्याकडे पोहोचवावे, चार दिवस दुसऱ्याला विश्रांती द्यावी. तीही सेवाच आहे.

तीन आठवड्यांनी दात दिसू लागतात. मऊ शिजवलेला भात, त्यात पिलांचे खाद्य भिजवून, असे ताटलीत वाढता येते. ताटलीत चारही पाय बुडवून जेवणारी पिले पाहून घर हसू लागते. परंतु याच काळात रोग दाराशी येतात. बहुतेक पिलांना जंत आईच्या पोटातून किंवा दुधातूनच मिळालेले असतात. अंग बारीक आणि पोट नगाऱ्यासारखे, ही त्याची खूण. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी वैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध द्यावे लागते. हे जंत माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, बाधतात. तेव्हा पिलांना हाताळल्यावर हात साबणाने धुणे हा घरचा कायदाच असावा.

दुसरा रोग अधिक क्रूर आहे. त्याचे नाव पार्व्हो. १९७८ च्या सुमारास जगभर प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू आता गावोगाव पोहोचला आहे. पिलू खाणे सोडते, ओकाऱ्या होतात, रक्ताचे जुलाब लागतात, आणि दोन-तीन दिवसांत हाती काही उरत नाही. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. रस्त्यावरून आलेल्या माणसाच्या वहाणांबरोबरही तो घरात येतो. साध्या साबणाने किंवा फिनेलने तो मरेल असा भरवसा धरू नये. कपडे धुण्याचे ब्लीच तीसपट पाण्यात मिसळून त्याने जागा धुवावी लागते. म्हणून लसीचे चक्र पुरे होईपर्यंत पिले अंगणाबाहेर नेऊ नयेत. ते सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. आणि ज्या घरात अलीकडे पार्व्होने पिलू मेले असेल, तेथे नवे वेत आणू नये.

तिसरे नाव घेताच गावात आजही माणसे आवाज खाली करतात. ते म्हणजे पिसाळी, रेबीज. या बाबतीत गोव्याने जे करून दाखविले, ते साऱ्या देशाने अभ्यासावे असे आहे. २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य शासनाच्या सहकार्याने येथे कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालविली. जाळी घेतलेली पथके वाड्यावाड्यांतून फिरली. मोबाईल फोनवरील नकाशावर प्रत्येक कुत्र्याची नोंद झाली. टोचलेल्या जनावरावर रंगाची खूण केली गेली. एका वर्षात ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देण्यापर्यंत ही मजल गेली आणि शाळांमधून वर्षाला दीड लाख मुलांना कुत्र्यापासून सुरक्षित कसे राहावे हे शिकविले गेले. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरले. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले. दहांतील सात कुत्री लस घेतलेली असली की रोगाची साखळी तुटते, हे तत्त्व त्यामागे आहे.

परंतु तुटलेली साखळी पुन्हा जुळू शकते, आणि पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके राज्याच्या सीमेवर आहेत. पत्रादेवीच्या नाक्यावर किंवा दोडामार्गच्या वाटेवर कुत्र्याला कोणी अडवीत नाही. म्हणून पिलू लहान आहे, त्याला कसली पिसाळी, असे म्हणू नये. पिलालाही हा रोग होतो आणि त्याच्या इवल्याशा दातांच्या ओरखड्यातूनही तो माणसाला होतो. पिले सांभाळणाऱ्याने स्वतः आधीच लस घेऊन ठेवावी. तरीही दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना, मिरची यांचा लेप लावीत बसू नये. पास्तरने १८८५ च्या जुलैमध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, तेव्हापासून या रोगावर उपाय आहे. उशीर मात्र चालत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.

शरीर वाचले, तरी निम्मे काम व्हावयाचे असते. १९६१ मध्ये अमेरिकेतील फ्रीडमन, किंग आणि इलियट या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पिले माणसापासून दूर, उंच कुंपणाच्या आवारात वाढविली आणि निरनिराळ्या वयांत काहींना एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणले. पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात ज्यांना हा सहवास लाभला, ती माणसाळली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस दिसलाच नाही, ती रानटीच राहिली. याचा अर्थ असा की पिले सांभाळणाऱ्या घराच्या हाती हेच मोलाचे दिवस येतात. मिक्सरचा आवाज, भजनाच्या टाळ-मृदंगाचा गजर, काठी टेकत चालणारे आजोबा, हेल्मेट घातलेला टपालवाला, लहान मुलाची धावपळ, गोठ्यातील गाय, या सर्वांशी न भिता ओळख व्हावी. ताटली क्षणभर काढून घेतली तरी परत मिळते, एवढा विश्वास बसावा. या दिवसांत परसातील खोक्यात कोंडून ठेवलेले पिलू दिसावयास गुबगुबीत होईल, पण मोठेपणी भित्रे निघेल; आणि चावणारी कुत्री पुष्कळदा भित्रीच असतात.

आता आठवा आठवडा येतो आणि खरी परीक्षा सुरू होते. चार पिलांपैकी दोन नर, दोन माद्या. नरांना मागणी ताबडतोब येते. माद्यांना कोणी विचारीत नाही. ‘फुकट आहे ना, मग द्या’ असे म्हणणारा घाईचा माणूस दारात उभा असतो आणि दोन महिने थकलेल्या घराला तोही देवासारखा वाटतो. येथे मन घट्ट करावे लागते. पिलू कोठे झोपणार? दिवसभर साखळीला राहणार काय? घरातील सर्वांची संमती आहे काय? उरलेल्या लसी कोण टोचून घेणार? घर भाड्याचे असेल तर मालकाला विचारले आहे काय? हंगामापुरता किनाऱ्यावर राहणारा पाहुणा परत जाताना पिलाचे काय करणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर, शक्य तर नवे घर डोळ्यांनी पाहून, लेखी कबुलीवर पिलू द्यावे. सहा महिन्यांचे झाले की नसबंदी करून घेऊ, आणि सांभाळणे अशक्य झाले तर रस्त्यावर न सोडता परत आणून देऊ, या दोन अटी तीत असाव्यात. मुलीची पाठवणी करताना आई-बाप जेवढी चौकशी करतात, तेवढी केली तर कोणी हसू नये. आणि ज्याला उत्तरे देण्याचा राग येतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे, की माणसांची लेकरे उपाशी असताना कुत्र्यांचे हे कौतुक कशाला? संतांच्या भूमीत याचे एक उत्तर सर्वांना ठाऊक आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, आणि सांखळीच्या दत्ताला हात जोडणाऱ्या भाविकाला दत्तगुरूंच्या पायाशी उभी असलेली कुत्री परकी नाहीत. परंतु ज्याला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, त्याच्यासाठी व्यवहाराचे उत्तरही आहे. लस टोचलेले, माणसाळलेले, नसबंदी झालेले आणि घर मिळालेले पिलू म्हणजे शाळेच्या वाटेवरील एक धोका कमी. मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात. वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालते, ते ज्यांच्यापासून अंडी राखावयाची त्यांत उपाशी भटकी कुत्रीही असतात. एका प्राण्यावरील दया दुसऱ्याच्या मुळावर येऊ नये, हेही पाहावे लागते.

कायद्यानेही ही जबाबदारी ओळखली आहे. राज्यसभेच्या सभासद असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी चालविलेल्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच कायद्याखाली २०२३ मध्ये झालेल्या नियमांनी रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तेव्हा पालिकेकडे किंवा पंचायतीकडे मागणी करणे हा नागरिकाचा हक्क आहे; मात्र पथक येईल तेव्हा कुत्री कोठे असते हे सांगणे आणि तिला पकडू देणे, हे त्याचे कर्तव्यही आहे.

आणि शेवटी त्या मागे राहिलेल्या आईकडे यावे लागते. पिले उचलून नेली, वाढविली, घरे मिळाली. पण पुलाखालची कुत्री तशीच राहिली, तर काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा खोके दिसणार. दोन महिन्यांची जागरणे एका वेताला वाचवितात. आईची एक शस्त्रक्रिया पुढील सर्व वेतांचे हाल टाळते. म्हणून पिलांचे दूध सुटताच तिची नसबंदी आणि लस करून तिला तिच्या ठिकाणी परत सोडणे, हा या कामाचा शेवट समजला पाहिजे. तो न केल्यास काम अर्धेच राहते.

पेडण्याच्या त्या घरात शेवटची मादी सर्वांच्या नंतर, अकराव्या आठवड्यात जाते. तिला आपणच ठेवून घ्यावी, असा हट्ट मुले धरतात. ती ठेवली तरी चूक नाही. परंतु दरवर्षी एक ठेवीत गेल्यास थोड्याच वर्षांत त्या घराला पुढच्या खोक्यासमोर मागे वळता येणार नाही. हे मुलांना सांगणे आईला जड जाते. अखेर डिचोलीकडचे एक वृद्ध जोडपे येते, पिलाला पदराखाली घेऊन गाडीत बसते, आणि पोहोचल्यावर फोन करण्याचे कबूल करते. गाडी वळणाआड गेल्यावर गृहिणी पडवीत परत येते. रिकाम्या कोपऱ्यातील जुनी फडकी ती उकळत्या पाण्यात टाकते, फरशी ब्लीचच्या पाण्याने दोनदा धुते, तराजू पुसून स्वयंपाकघरात ठेवते. रात्री सवयीने तिला तीन वाजता जाग येते. घरात आवाज नसतो. संध्याकाळी आलेला फोन तिला आठवतो. पिलू ताटभर जेवले, आणि आजोबांच्या पायाशी झोपले आहे.